हजार मिलिग्रॅमची गोळी पोटात गेल्यावर तिचं काय होतं?

गेलं वर्षभर तुम्ही रोज सकाळी क जीवनसत्त्वाची १००० मिलिग्रॅमची गोळी घेताय. घेतल्यावर दोन-तीन तासांनी लघवी गडद पिवळी होते आणि घरचे म्हणतात, "सगळं वाहून तर जातंय, मग घेतोस कशाला?" खरंच वाहून जातं का, आणि अंगात जे राहतं त्याचं शरीर नेमकं काय करतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या पिवळ्या रंगाचं मिटवू. क जीवनसत्त्वाला रंग नसतो, ते कितीही गेलं तरी लघवी पिवळी होणार नाही. पिवळा रंग बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. तुमची गोळी नुसत्या क जीवनसत्त्वाची नसावी. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, बी-२ सापडेल. म्हणजे घरच्यांचा पुरावा चुकीचा आहे, पण निष्कर्ष बऱ्यापैकी बरोबर आहे. मला हे कोडं नेहमीच गमतीचं वाटतं: जे दिसतं ते वेगळंच, आणि जे वाहून जातंय ते दिसतच नाही.

आता गोळीच्या मागे जाऊ. क जीवनसत्त्व आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपत नाही. त्याला उचलून आत नेणारी वाहक प्रथिनं असतात, आणि त्यांची संख्या ठरलेली. थोडं आलं तर जवळजवळ सगळं आत जातं; एकदम लोंढा आला तर दारात गर्दी होते आणि उरलेलं तसंच पुढे मोठ्या आतड्यात सरकतं. तिथे ते पाणी ओढून घेतं. मोठ्या डोसनंतर पोटात गुरगुर, गॅस, पातळ शौच होतं ते यामुळे. लोक त्याला "गोळी उष्ण पडली" म्हणतात. खरं तर ती पडलीच नाही, नुसती पुढे गेली.

याचं सगळ्यात नेटकं मोजमाप अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालं, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. सात निरोगी तरुणांना कित्येक महिने रुग्णालयातच ठेवलं, जेवणातून क जीवनसत्त्व जवळपास काढून टाकलं आणि मग रोज ३० मिलिग्रॅमपासून २५०० पर्यंत एकेक पायरी चढवत रक्त आणि लघवी तपासत गेले. एका वेळी २०० मिलिग्रॅम दिले तर ते पूर्ण शोषलं गेलं. १२५० दिले तेव्हा निम्म्याहून कमी. १०० च्या आतल्या डोसला लघवीत काहीच सापडलं नाही. ५०० च्या पुढे मात्र जे शोषलं गेलं तेही जवळपास सगळं लघवीतून बाहेर आलं.

कारण मूत्रपिंडातही तशाच वाहकांचा पहारा असतो. रक्त गाळलं जातं तेव्हा क जीवनसत्त्वही गाळणीतून खाली उतरतं आणि हे वाहक ते परत वर उचलतात. रक्तात कमी असेल तर कण न् कण परत घेतात. पातळी एका मर्यादेवर गेली की त्यांचे हात भरतात आणि बाकीचं सोडून देतात. या दोन दारांमुळे रक्तातली पातळी एका ठरावीक उंचीवर अडते. रोज ३० वरून १०० मिलिग्रॅमवर गेलात तर ती कित्येक पटींनी चढते. २०० पर्यंत गेलात की चढण संपत येते. तिथून १००० वर उडी मारलीत तर वर दिसणारी भर किरकोळ. तुमच्या गोळीतला मोठा हिस्सा हा असा, सपाटीवर ओतलेला आहे.

पेशींची गोष्ट अजून वेगळी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्व आजूबाजूच्या रक्तापेक्षा पन्नासेक पट किंवा त्याहून जास्त दाटीने आत साठवतात, आणि त्याच प्रयोगात दिसलं की रोज १०० मिलिग्रॅमवरच त्या गच्च भरतात. अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी, पीयूषिका (पिट्युटरी), मेंदू हीही दाट साठ्याची ठिकाणं. टंचाई आली की मेंदू आपला वाटा सर्वात शेवटी सोडतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं.

एवढं जपून ठेवलेलं हे द्रव्य करतं काय? सफरचंद कापून ठेवा, थोड्या वेळात तपकिरी पडतं. त्यावर लिंबू चोळा, पांढरं राहतं. त्यात लिंबाच्या आंबटपणाचा वाटा आहेच, पण क जीवनसत्त्व तिथे जे करतं तेच ते तुमच्या अंगात करतं: समोरच्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. प्रतिकारशक्ती, त्वचा, थकवा, रक्तस्राव या सगळ्या कथा त्या एका देण्याच्याच आहेत. फक्त घेणारा बदलतो.

सगळ्यात महत्त्वाचा घेणारा म्हणजे लोह. तेही रक्तातलं नव्हे, काही विशिष्ट एन्झाइमांच्या गाभ्यात बसलेला लोहाचा एकेक अणू. कोलॅजेनचं उदाहरण घेतो, कारण ते समजलं की स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या टंचाईचा आजार, समजते. कोलॅजेन हे शरीरातलं सर्वात मुबलक प्रथिन. त्वचा, हाडं, स्नायूबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हिरड्या, दातांची पकड, सगळीकडे तेच. त्याचे तीन धागे एकमेकांभोवती पीळ घालून दोर बनतो. हा पीळ घट्ट बसायचा तर धाग्यातल्या प्रोलीन नावाच्या मण्यांवर ऑक्सिजनची एकेक खुंटी ठोकावी लागते. ठोकणारं एन्झाइम आपल्या लोहाच्या अणूच्या जोरावर ते करतं. पण मधूनच त्याचा एखादा फटका हुकतो आणि लोह दोन भारांवरून तीन भारांवर जाऊन अडकतं. म्हणजे हातोडी गंजते. क जीवनसत्त्व एक इलेक्ट्रॉन देतं, लोह परत पूर्वीच्या अवस्थेत येतं, काम चालू. खुंटी स्वतः क जीवनसत्त्व ठोकत नाही, हे लक्षात घ्या. ते फक्त गंज काढत राहतं.

खुंट्या नसलेलं कोलॅजेन तयार होतं, पण शरीराच्या नेहमीच्या उष्णतेलाच त्याचा पीळ सुटतो. प्रयोगशाळेत थंडीत ते टिकेल. ३७ अंशांवर नाही. पेशीही असला सदोष माल फारसा बाहेर सोडत नाहीत.

आणि कोलॅजेन एकदा विणलं की कायमचं, असंही नाही. जुन्या व्रणातसुद्धा थोडी उसवण आणि थोडी विणकाम चालूच असते. कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सनच्या १७४० ते १७४४ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत जहाजांवर स्कर्व्हीने माणसं शेकड्यांनी मेली. त्या प्रवासाच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे: पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या, त्या केव्हाच भरून आल्या होत्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. पन्नास वर्षं रोज कुणीतरी तो व्रण गुपचूप विणत होतं, आणि सामान संपल्यावर विणकर थांबला. शिकत असताना हे वाचलं होतं, त्यानंतर "जखम भरली" हे वाक्य मी पूर्वीच्या बेफिकिरीने उच्चारलेलं नाही.

बाकीची कामं भराभर सांगतो. डोपामीनपासून नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवणाऱ्या एन्झाइमात लोहाऐवजी तांबं असतं. त्यालाही इलेक्ट्रॉन क जीवनसत्त्वच पुरवतं. चरबी जाळण्यासाठी पेशीच्या भट्टीपर्यंत नेणारं कार्निटिन बनवायलाही ते लागतं. म्हणून कमतरतेची पहिली तक्रार हिरड्यांची नसते, ती असते "अंगात काही त्राणच नाही", "कशात मन लागत नाही" अशी. या तक्रारी इतक्या सामान्य आहेत की डॉक्टरही त्यावरून क जीवनसत्त्वापर्यंत पोहोचत नाहीत.

इथे एक विचारण्यासारखा प्रश्न आहे: एवढं गरजेचं द्रव्य आपण स्वतः का बनवत नाही? बहुतेक सस्तन प्राणी बनवतात, आणि तेही साखरेपासून, यकृतात. शेळीच्या शरीरात ते रोज ग्रॅमच्या हिशेबात तयार होतं. शेवटच्या पायरीचं एन्झाइम बनवणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं; आपल्या वानरकुळातल्या पूर्वजांमध्ये काही कोटी वर्षांपूर्वीच ते निकामी झालं. गिनीपिगमध्ये ते स्वतंत्रपणे मोडलं, आणि हेच आपल्या कामी आलं. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगला नुसतं धान्य घातलं आणि त्यांना स्कर्व्ही झाली. उंदरांवर तोच प्रयोग केला असता तर काहीच दिसलं नसतं.

साखरेशी असलेलं नातं पुढेही कामाला येतं. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी १९२८ मध्ये हे द्रव्य वेगळं केलं तेव्हा ते साखरेसारखं आहे एवढंच त्यांना कळलं होतं. नाव काय द्यावं कळेना, म्हणून "ठाऊक नसलेली साखर" अशा अर्थाचं "इग्नोज" हे नाव त्यांनी लेखात घातलं. संपादकांनी खडसावल्यावर "गॉडनोज" सुचवलं, म्हणजे "देव जाणे". तेही नाकारलं गेलं. १९३७ चं वैद्यकाचं नोबेल मात्र त्यांना मिळालं.

हे साखरसारखेपण शरीर असं वापरतं: इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर क जीवनसत्त्व रिकामं होतं, डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बनतं. या रूपाचं आयुष्य काही मिनिटांचं. तेवढ्यात कुणी उचललं नाही तर त्याचं कडं तुटतं आणि ते कायमचं गेलं. पण हे रिकामं रूप ग्लुकोजच्या दारातूनही आत शिरू शकतं, आणि आपल्या तांबड्या पेशींवर ते दार भरपूर. तांबडी पेशी त्याला आत ओढते आणि ग्लुटाथायोन या पेशीतल्याच दुसऱ्या इलेक्ट्रॉन देणाऱ्या द्रव्याच्या मदतीने परत भरून वापरात आणते. जे प्राणी स्वतः क जीवनसत्त्व बनवतात त्यांच्या तांबड्या पेशींत मोठेपणी ही सोय जवळपास नसते. म्हणून शेळीला रोज ग्रॅमने लागतं ते आपल्याला मिलिग्रॅममध्ये पुरतं. "शेळी इतकं बनवते तर आपणही तेवढं खाल्लं पाहिजे" हा गोळ्या विकणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद आहे. त्यात शेळी आणि माणूस यांच्यातला हा फरक सोयीस्करपणे गाळलेला असतो.

चांगलं खाणाऱ्या माणसाच्या अंगात एकूण साठा साधारण १५०० मिलिग्रॅम असतो. तुमची गोळी १००० ची. पूर्ण भरलेल्या घड्यात दोन तृतीयांश घडा रोज ओतण्यासारखं आहे हे. त्या साठ्यातलं दिवसाला सुमारे ३ टक्के खर्च होतं. आत काहीच गेलं नाही तर साठा ३०० च्या आसपास येईपर्यंत एक ते तीन महिने जातात, आणि मग लक्षणं दिसू लागतात. जॉन क्रँडन या अमेरिकन सर्जनने १९३९ मध्ये हे स्वतःवर करून पाहिलं. क जीवनसत्त्व नसलेलं जेवण सहा महिने. सहा आठवड्यांच्या सुमारास रक्तद्रवातली पातळी शून्यावर आली. तीन महिन्यांनी अंगावर एक चीर पाडून घेतली, ती व्यवस्थित भरली, कारण पेशींमधली शिल्लक अजून संपायची होती. सहा महिन्यांनी पाडलेली चीर भरेना. शिरेतून क जीवनसत्त्व दिल्यावर भरली.

उलट, स्कर्व्ही टाळायला रोज १० मिलिग्रॅम पुरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात हे दिसलं. देशोदेशींच्या शिफारशी ४० ते ११० च्या दरम्यान आहेत. आजार टाळण्यापुरतं धरायचं की पेशी भरतील एवढं धरायचं, यावर तो फरक. धूम्रपान करणाऱ्याला दिवसाला आणखी ३५ धरा, धूर ते जाळतो. एक मोठं संत्रं, अर्धी ढोबळी मिरची किंवा एक पेरू यांतलं काहीही त्या दिवसाची बहुतेक सोय करतं. शिजवलेल्या पाण्यात ते उतरतं आणि पाणी फेकलं की गेलं. उष्णता आणि हवा दोन्ही त्याला खातात.

तुम्हाला कमतरता असण्याची शक्यता मला वाटत नाही. पण ती कशी निसटते ते सांगतो, कारण एकदा माझ्याच हातून निसटली होती. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आले. पोटऱ्यांवर मोठे काळेनिळे डाग, पाय दुखतात, चालवत नाही. प्लेटलेट व्यवस्थित, रक्त गोठण्याच्या चाचण्या व्यवस्थित. रक्त पातळ करणारं औषध चालू नाही. "स्कर्व्ही?" असं मनात येऊनही गेलं, तोंड उघडायला लावलं, हिरड्या छान गुलाबी होत्या. विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या भेटीत नडगीवर भिंग धरलं. डाग सरसकट नव्हते. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती लाल ठिपक्याचं कडं होतं, आणि ते केस स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. मग विचारलं, जेवता काय? पत्नी गेल्यापासून एकटे राहत होते. खालची कवळी वर्षभर बसत नव्हती, म्हणून चावायचं सगळं सोडलं होतं. चहा, बिस्किटं, दुधात बुडवलेला पाव. तोंडात एकही दात नव्हता, आणि तिथेच मी फसलो होतो: स्कर्व्हीत हिरड्या सुजतात त्या दाताभोवतीच्या. दातच नसतील तर हिरड्या तक्रार करत नाहीत. १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की जिना उतरून खाली गेलो होतो. डाग जायला दोन-तीन आठवडे लागले, कवळी नवीन व्हायला त्याहून जास्त.

रक्तातली पातळी तपासून निदान करता येतं, पण ती चाचणी नाजूक आहे. नमुना बर्फात, उजेडापासून झाकून लगेच पोहोचला नाही तर आकडा खोटा कमी येतो. आणि आदल्या संध्याकाळी नातेवाइकांनी प्रेमाने फळांचा रस पाजला असेल तर खोटा चांगला येतो. काय खाता हे नीट विचारणं आणि भिंग, या दोन गोष्टी मला जास्त भरवशाच्या वाटतात.

सर्दीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण गोळी त्यासाठीच चालू केली असणार. दोन नोबेल मिळवलेल्या लिनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये मोठ्या डोसचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हापासून ही समजूत पक्की आहे. २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या: रोज घेतल्याने सामान्य माणसाला सर्दी कमी वेळा होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर आटोपते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत साधारण अर्धा ते एक दिवस. शिंका सुरू झाल्यावर गोळी घेतली तर ठाम असा फायदा दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुम्ही यांपैकी असाल तर माझं बोलणं मागे घेतो.

लोहाच्या गोळीबरोबर घ्यावी का, हेही नेहमी विचारलं जातं. वनस्पतीतलं लोह तीन भारांचं असतं. आतड्यात क जीवनसत्त्व त्याला दोन भारांवर आणतं आणि ते जास्त शोषलं जातं. जेवणात लिंबू पिळणं म्हणून शहाणपणाचं. पण लोहाची गोळी चालू असेल तर वेगळी क जीवनसत्त्वाची जोड दिल्याने हिमोग्लोबिन जास्त वेगाने चढतं असं चाचणीत दिसलेलं नाही. मी ती जोड लिहून देत नाही.

आता तुमच्या १००० बद्दल. बहुतेकांना ती अपाय करत नाही. प्रौढांसाठी वरची मर्यादा २००० मानतात, तीही मुख्यतः पोट बिघडतं म्हणून. पण काहींनी ती घेऊच नये. क जीवनसत्त्व मोडतं तेव्हा त्यातून ऑक्झलेट बनतं, आणि स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. आधी खडा होऊन गेला असेल, मूत्रपिंडं अधू असतील, अंगात लोह साठण्याचा आजार असेल किंवा जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर थांबा.

एक बारकी पण कामाची गोष्ट. क जीवनसत्त्वाची इलेक्ट्रॉन देण्याची सवय काही चाचण्यांना फसवते. लघवीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही "नाही" येऊ शकतं. शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी एक जुनी चाचणीही तशीच चुकते. शिरेतून मोठा डोस घेतलेल्यांत बोटातल्या थेंबावर चालणारे काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्यावर इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. कुठलीही तपासणी असेल तर आधी काही दिवस गोळी बंद ठेवा, आणि घेत असाल तर सांगा. "ते काय, नुसतं व्हिटॅमिन" म्हणून लोक ते सांगायचंच विसरतात.

गोळी एकदम सोडली तर त्रास होईल का, अशी भीती काही जणांना वाटते. तुम्ही रोज थोडं ताजं फळ किंवा कच्ची भाजी खात असाल तर होणार नाही, उद्यापासून सोडा. सोडवतच नसेल तर १०० ची गोळी मिळते, ती घ्या. आणि गडद पिवळी लघवी आवडत नसेल, तर ती बी-२ नसलेली बघून घ्या.